उलटा अर्थ

निघण्यापूर्वी

यवतमाळहून महागाव आणि तिथून पुढे फुलसावंगी हा रस्ता कोणी हौसेने धरत नाही. काम असेल तर माणूस जातो. माझी तीन कामं होती आणि ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली होती: मनोहरची मोटरसायकल तांड्यावरून ताब्यात घेणे; महागावच्या कादर मिस्त्रीला अकरा प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेणे; आणि त्या उत्तरांसह ठाणेदाराकडे अर्ज देणे. अर्ज घरीच तयार करून ठेवला होता. फक्त सही आणि तारीख बाकी होती. बांधकामाच्या भांडारात खिळ्यापासून फावड्यापर्यंत सगळ्याची नोंद ठेवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. यादी केल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही.

मनोहर माझा धाकटा भाऊ. हिवतापाच्या कामावर होता. गावोगाव, तांड्यातांड्यांवर फिरायचं, ताप असलेल्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि गोळ्या द्यायच्या. महागावला खोली घेऊन राहायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. कार्तिक संपता संपता, सांजवेळी, फुलसावंगीजवळच्या नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, तो गाडीसकट खाली पडला. गाडीचा दिवा विझला होता. पुढे त्याच्या सोबत्याचं पत्र आलं की, बॅटरी आपल्या हातून उलटी जोडली गेली असं कादर मिस्त्रीने चारचौघांत कबूल केलं आहे. त्या पत्रावरून मी अर्ज लिहिला.

गाडीबद्दल आधी सांगतो, कारण ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना पुढचं कळणार नाही. ती जपानी होती. भंडाऱ्याकडे भातशेती शिकवायला आलेल्या एका जपानी माणसाने परत जाताना विकलेली. दोन हात फिरून मनोहरकडे आली. दिसायला देखणी, आवाज शिवणयंत्रासारखा. बटण दाबलं की सुरू व्हायची, लाथ मारायला नको. आमच्या भागात तेव्हा हे नवलच होतं. पण पंधरा दिवस गाडी चालली की पंधरा दिवस मनोहर ती ढकलायचा. ते बटणच बॅटरी पिऊन टाकायचं. दिव्याचे बल्ब खडीच्या रस्त्यावर आठवड्याला एक जायचे. तारांवरचं प्लास्टिक आपल्या वैशाखात वाळून कडक व्हायचं, तडकायचं आणि तारा एकमेकींना चिकटायच्या. ठिणगी देणारे पॉइंट काळे पडायचे. इंजिनाच्या सांध्यातून तेल पाझरायचं. गाडी जिथे उभी राहील तिथे खाली तिच्या नावाचा डाग. स्क्रूच्या डोक्यावर आपल्यासारखी सरळ खाच नाही, अधिकची खूण. त्याचा पेचकस आपल्याकडे कुणाकडेच नव्हता, त्यामुळे प्रत्येक मिस्त्रीने प्रत्येक स्क्रूचं डोकं थोडं थोडं खाल्लेलं. सोबत माहितीचं पुस्तक होतं, तेही जपानीत. मनोहर ते उलटंसुलटं धरून वाचायचा आणि माझ्या बायकोला, कमलला, हसवायचा.

शेवटच्या खेपेला तो घरी आला तेव्हा बॅटरी मेलेली होती. माझी जुनी विलायती गाडी मीच दुरुस्त करतो, तेव्हा हीही बॅटरी मी चार्ज करून आणली, अंगणात बसवली, पॉइंट घासले, साखळीला तेल दिलं. एक फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. मग नेहमीप्रमाणे एक कागद करून त्याच्या हत्यारांच्या पिशवीत घातला: काय काय तपासायचं, कोणत्या क्रमाने. त्या दिवशी घरात सडक्या मुळ्याचा वास सुटला होता. कमलने टोपलीतले मुळे उकिरड्यावर टाकले आणि दुसऱ्या दिवशी भाजीवालीला दारातूनच परत पाठवलं. म्हातारी सांगत होती, "बाई, पहाटं उपटले, पोराची आन." तेव्हापासून ती आमच्या गल्लीत येत नाही. मनोहर घरात असतानाची ही शेवटची आठवण, म्हणून तीही लिहून ठेवतो.

आर्णी

एसटीचं टायर आर्णीच्या स्टँडमध्ये शिरतानाच बसलं आणि मला तिथे तास-दीड तास मिळाला. पौषातली थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, तुरी कापून ढीग लावले होते. चहावाल्याने भज्यांचा घाणा काढला होता. मी बाकावर बसून वही उघडली. एवढ्यात तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला,

"तुमी मनोहरबाबूचे दादा तं नाही?"

मी हो म्हटलं. कसं ओळखलंत, विचारलं.

"वही पाहून. ते सांगत ना, आमचे दादा झोपीतबी यादी करतात म्हून." तो हसला, मग हसू आवरून त्याने पंच्याने हात पुसले. "भल्या मानसाचं असं व्हाले नोको होतं."

"तो इथे थांबायचा?"

"थांबाचे कायचे, थांबाच लागे. त्यायची गाडी म्हंजे रुसकी नवरी. सासरी जाले निघाली का आर्णीत बसून घे. मी म्हनो, बाबू, इकून टाका हे धूड, घोडं घ्या. तं म्हनत, घोड्याले दादा यादी कशी करून देतीन?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो असेन. भजी समोर आली ती अर्धी ठेवून उठलो. चहावाला म्हणाला, "काहून, तिखट हायेत का?" मी होय म्हटलं. ती तिखट नव्हती.

महागाव

पोचलो तो शुक्रवार होता आणि कादर मिस्त्रीचं दुकान बंद होतं. एक पत्र्याचं दार, त्यावर खडूने काढलेली मोटरसायकल, खाली तेलाने काळी झालेली जमीन. शेजारी एक शिंपी बसत होता. मी विचारलं, नमाजाला गेले असतील तर कधी येतील?

"नमाज तं कवाचीच झाली," शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "उघडून करन काय? कोनी येत नाही त्याच्याकडे. सायकलचं पंक्चर काढाचं असलं तरी लोक पुसदले जातात. तीस वर्साचा मिस्त्री, पन एक मानूस मेला ना त्याच्या हातून."

हे ऐकून मला बरं वाटलं होतं. ते लपवत नाही. मी वहीत नोंद केली: गावातही हेच मत. मग स्टँडजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. भाजीत आमच्या घरच्यापेक्षा दुप्पट तेल आणि चौपट तिखट होतं. वाढणारा समोर उभा राहून मी संपवतो की नाही ते पाहत होता. संपवली. सकाळची फुलसावंगीची गाडी चुकू नये म्हणून लवकर पडलो.

फुलसावंगीचा तांडा

फुलसावंगी मोठं गाव आहे. तांडा तिथून अर्ध्या कोसावर. मध्ये तो नाला. पौषात त्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. रपटा अरुंद, कठडा नाही, खाली दगड. मी चालतच ओलांडला. मोजायची सवय म्हणून रुंदी पावलांनी मोजली आणि वहीत लिहायला गेलो, पण लिहिली नाही.

हे लोक बंजारा. त्यांच्या आजे-पणजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख पालथा घातला. आता स्वतःची शेती करून एका जागी राहतात. आपसात त्यांची गोर बोली, आमच्याशी वऱ्हाडी. तांड्याचा नाईक साठीच्या पुढचा, उंच, लाल पागोट्याचा. मी नाव सांगितलं तसा तो आत गेला आणि त्याची बायको बाहेर आली. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. हस्तिदंतासारख्या पांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत, घागऱ्याला आरसे. ती सरळ माझ्याकडे आली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने रडायला लागली. नुसतं रडणं नाही, सुरात. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'मनोहर' येत होता. जवळचं माणूस भेटलं की दुःख असं गळ्यात पडून गाऊन सांगायची त्यांची पद्धत आहे, हे मला नंतर कळलं. आमच्या घरी तेरा दिवसांत कोणी आवाज चढवून रडलं नव्हतं. पाहुण्यांसमोर तर नाहीच. माझ्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन. ते कुठे ठेवावेत मला समजेना. तसाच उभा राहिलो.

मग नाईकाने खाट टाकली आणि सांगितलं.

"त्या दिशी ते आमच्या सुनेले पाहाले आल्ते. लय ताप होता तिले, बडबड करून राह्यलती. आल्या आल्याच म्हनले, नाईक, आज इथंच मुक्काम, मिस्त्रीनं सांगतलं हाय दिवा लावाचा नाही. म्या म्हटलं, राहा ना. पन दिवस कलला आन् सुनेचा ताप चढला. त्यायच्या पिशवीतल्या गोळ्या सरल्या होत्या. बाकीच्या फुलसावंगीले पेटीत होत्या. म्हनले, हा गेलो आन् हा आलो."

"मग?"

"म्या म्हटलं पायी जा. ते म्हनले, पायी येळ लागन." नाईकाने नाल्याकडे बोट केलं. "रपट्यापावतर दिवा दिसत होता आमाले. मंग पिवळा झाला. मंग दिसला नाही."

"गोळ्या?"

"मंग मानसं गेले, पेटी घेऊन आले. दिल्या तिले."

जेवण त्याच सुनेने वाढलं. भाकरीला ते बाटी म्हणतात. बाटी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. पदर पुढे ओढलेला, तिने एकदाही वर पाहिलं नाही. पण माझ्या ताटात बाटी संपण्याआधी दुसरी पडत होती. मी तिसरीला नको म्हटलं तरी पडली.

गाडी गोठ्यात होती. तिच्यावर याडीने कवड्या लावलेलं, भरतकामाचं कापड घातलं होतं, लग्नात बैलाच्या पाठीवर घालतात तसं. पुढचं चाक दुमडलेलं. खाली जमिनीवर तेलाचा डाग.

"मिस्त्री आल्ता, मयत यवतमाळले न्याच्या आंधी," नाईक म्हणाला. "साऱ्याइच्या समोर बोलला, अर्थ उलटा झाला, माह्या हातून झाला. आमाले तं काही समजलं नाही, भाऊ. अर्थ कसा उलटा होते?"

मला ठाऊक होतं. मिस्त्री लोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या टोकाला 'अर्थ' म्हणतात, इंग्रजीतला. मी त्याला तसं समजावलं. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

"एवढ्याशा तारेचा अर्थ?"

पुन्हा महागाव

नाईकाच्या बैलगाडीत मोटरसायकल आडवी टाकून, सोबत त्याचा पुतण्या हाकायला, असा मी दुसऱ्या दिवशी दुपारी कादर मिस्त्रीच्या दारात आलो. दार या वेळी उघडं होतं. तो आत नुसता बसला होता. बारीक अंगाचा, पिकलेली दाढी, नखांत मुरलेलं काळं तेल. गाडी पाहून उठला, दोघांनी मिळून उतरवली, भिंतीला टेकवली. मी नाव सांगितलं. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि स्वतः उकिडवा खाली बसला.

मी वही उघडली. गाडी त्या दिवशी त्याच्याकडे कधी आली?

"सकाळी. धा वाजले असन. बटन दाबलं तं कट-कट करे, बस."

तुम्ही काय पाहिलं?

"बॅटरी उलटी. रेक्टिफायर मेलेला." मग मला माहीत नसेल असं धरून त्याने सांगितलं, "इंजिन फिरते तवा वीज तयार होते, ते बॅटरीत भराची असन तं मधात ह्या चकत्या लागतात. चकत्या मेल्या का बॅटरी भरत नाही, खर्चच होत जाते. दिवसा गाडी चालते. दिवा लावला का संपली."

बॅटरी उलटी कोणी जोडली?

"माह्या हातून झालं म्हना."

"म्हना म्हणजे?"

"म्हंजे, लिवा साहेब. माह्या हातून."

मी लिहिलं. पण भांडारात इतकी वर्षं काढल्यावर माणूस खोटी नोंद सांगतो तेव्हा कळतं. मी विचारलं, "तीस वर्षांचा अनुभव असून असं कसं झालं?"

"विलायती गाडीचा अर्थ येगळा, जपानीचा येगळा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "विलायतीत अधिक बाजू बॉडीले. तुमची लष्करी लिलावातली गाडी हाय ना, तिच्यात तसंच. जपानीत उणी बाजू बॉडीले. सारं उलटं. ज्यानं विलायतीच पाह्यली, तो चुकन. त्याचा गुन्हा नाही."

"पण तुम्हाला तर हे माहीत आहे."

"मानूस हाय, साहेब."

माझी गाडी लष्करी लिलावातली आहे हे त्याला कोणी सांगितलं, हा प्रश्न माझ्या अकरांत नव्हता. मी तो विचारला नाही. गाडीचा कडेचा पत्रा काढायला सांगितला. खाल्लेल्या डोक्यांचे स्क्रू त्याने छिन्नीने हळूहळू फिरवले. आतून बोटाएवढा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला: चौकोनी पातळ चकत्या, एकीवर एक, मध्ये काळ्या ठिक्कर पडलेल्या. मी तो उजेडात धरला. मग नाकाशी नेला.

दीड महिना झाला होता, तरी वास पुरता गेला नव्हता. सडका मुळा.

"हा वास कधी येतो?"

कादरभाईने छिन्नी उचलली.

"कादरभाई, हा वास कधी येतो?"

"जळते तवा. एकदाच सुटते. बॅटरी उलटी लावली का त्याच येळेले."

"तुमच्या दुकानात सुटला होता?"

तो छिन्नी फडक्याने पुसायला लागला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"नाही, साहेब."

अंगणातला तो दिवस मला सबंध आठवला. मनोहर माझ्याजवळ उकिडवा बसला होता. म्हणाला होता, "दादा, आधी काळी तार बॉडीला होती." मी म्हटलं होतं की माझी गाडी दहा वर्षं चालते आहे, अधिकच बॉडीला जातो, जपान्यांना तारांचे रंग कळत नसतील. तो 'बरं' म्हणाला. मला तो कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा कधी सांगत नसे. मग फ्यूज उडाला. फ्यूज उडाला म्हणजे गाडी काही सांगत होती. मी चांदी गुंडाळून तिचं तोंड बंद केलं. आणि मग वास सुटला, कमल टोपलीकडे धावली, आणि मनोहर तिला चिडवत होता, वहिनी, मुळ्याची भाजी करायची नाही म्हणूनच शिळे आणलेत ना.

कादरभाई उठला. वरच्या फळीवरच्या नटबोल्टांच्या डब्यातून एक घडी केलेला कागद काढून त्याने माझ्यापुढे धरला. माझं अक्षर. माझ्या रेघा, माझे आकडे. तिसऱ्या क्रमांकावर: *बॅटरी — अधिक बाजू बॉडीला. विसरू नये.* 'विसरू नये'च्या खाली रेघ.

"म्या बॅटरी सरळ केली तवा मनोहरबाबूनंच पिशवीतून काढून देल्ला," तो म्हणाला. "म्हनले, कादरभाई, दादाले सांगू नोका. त्यायच्या यादीत कवा चूक नसते. म्या म्हटलं, नाही सांगत. मंग ते गेले, आन् लोकायनं इचारलं कोनाची चूक. म्या काय सांगतो? जबान देल्ली होती."

"आणि दुकान?"

"दुकान काय, साहेब. पोटापुरतं कुठंबी भेटते."

मी अर्ज पिशवीतच ठेवला. ठाण्याचा रस्ता शिंप्याच्या दुकानावरून जातो. तिथपर्यंत गेलो आणि थांबलो. शिंपी होता, समोरच्या हॉटेलात चहा पिणारे पाच-सहा जण होते. मी त्यांना माझं नाव सांगितलं, मनोहर माझा कोण ते सांगितलं, आणि सांगितलं की बॅटरी मी उलटी बसवली होती, यवतमाळला, माझ्या अंगणात. कादर मिस्त्रीने ती सरळ केली आणि दिवा लावू नको असं बजावलं. शिंप्याचं मशीन थांबलं होतं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "बसा, च्या घ्या." मी बसलो. चहा प्यालो.

गाडी कादरभाईकडेच ठेवली. निघताना त्याने खडू माझ्या हातात दिला. दाराच्या आतल्या बाजूला, उंचीवर, वाचता येईल असं मी लिहिलं: *जपानी गाडी — उणी बाजू बॉडीला.* खाली रेघ ओढली नाही.

घरी

कमल दारात उभी होती. पाणी दिलं, पिशवी घेतली. मी जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी निवडत असताना तिने सूप खाली ठेवलं.

"कळलं का, कोणाचं चुकलं ते?"

मी वही उघडली, मिटली.

"भाजीवालीकडे जाऊन ये," मी म्हणालो. "तिला बोलावून आण. त्या दिवशीचे मुळे ताजे होते."